‘नको’ म्हणता आलं पाहिजे

(लोणावळ्यात तरुण कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज सकाळी उठल्यापासून तुम्ही किती वेळा ‘नको’ म्हणालात, जरा आठवून बघा. दुसरी चपाती नको. चहात साखर नको. आत्ता फोन नको, बैठकीत आहे. दुपारपर्यंत सहज पंधरा-वीस वेळा होतं. आता असं मूल डोळ्यांसमोर आणा, ज्याला सगळं कळतं, पण ‘नको’ म्हणता येत नाही. पोट भरलं तरी घास तोंडात येतो. ऊन लागतं तरी खुर्ची उन्हातच राहते. पाहुणे गाल ओढतात. त्याच्या हातात एकच उपाय उरतो, रडायचं. मग आपणच म्हणतो, ‘फार हट्टी आहे हो हे पोर.’

मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. डॉक्टर नाही, थेरपिस्टही नाही. माझे अब्बू लोणावळ्यात जुन्या हायवेवर ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम करतात, आणि माझी भाची कामशेतला राहते. ती नऊ वर्षांची आहे, तिला सेरेब्रल पाल्सी आहे. आज मी जे बोलणार आहे ते या तीन गोष्टींतून आलेलं आहे: माझं कोडिंग, अब्बूंचं सोल्डरिंग आणि भाचीचं ‘नक्को’.

आधी एक गोंधळ दूर करू. बोलणं आणि भाषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोलण्यासाठी ओठ, जीभ, घसा आणि श्वास यांची फार बारीक कसरत लागते. सेरेब्रल पाल्सीमध्ये मेंदूकडून स्नायूंना जाणारे आदेश नीट पोहोचत नाहीत, म्हणून ही कसरत जमत नाही. पण भाषा, म्हणजे ऐकलेलं समजणं, मनात वाक्य जुळवणं, विनोद कळणं, हे सगळं आत शाबूत असू शकतं. ऑटिझम असलेल्या काही मुलांचं बोलणं वेगळ्या कारणांनी अडतं. बाहेरून बघणाऱ्याला मात्र सगळं सारखंच दिसतं आणि तो एका शब्दात निकाल लावतो, ‘याला काही कळत नाही.’

हा निकाल किती चुकीचा असतो ते आपल्याच राज्यात पन्नास वर्षांपूर्वी एका आईने दाखवून दिलं. मिठू अलूर यांची मुलगी मालिनी चिब हिला सेरेब्रल पाल्सी आहे. अशा मुलांसाठी शाळा नव्हती, म्हणून मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली. आज ती संस्था ‘अडॅप्ट’ या नावाने ओळखली जाते. मालिनी सेंट झेवियर्समधून पदवीधर झाल्या, लंडनमध्ये त्यांनी पुढचं शिक्षण घेतलं. त्यांचं बोलणं अनोळखी माणसाला समजणं अवघड जातं. त्यांनी टाइप केलेलं वाचून दाखवणारं ‘लाइटरायटर’ नावाचं यंत्र वापरलं आणि एका बोटाने टाइप करून आपलं आत्मचरित्र लिहिलं. ते २०१० मध्ये आलं, नाव ‘वन लिटल फिंगर’. एक बोट आणि एक यंत्र एवढ्यावर माणूस पुस्तक लिहितो. यंत्र नसतं तर लोकांनी त्यांच्याबद्दलही तोच निकाल दिला असता.

आता ही यंत्रं म्हणजे काय ते बघू. नाव ऐकून महागडं काहीतरी डोळ्यांसमोर येतं, पण सुरुवात कागदापासून होते. पुठ्ठ्यावर चित्रं चिकटवायची: पाणी, शी-शू, दुखतंय, अजून, पुरे, नको. मूल बोट दाखवतं किंवा नजरेने दाखवतं. पारदर्शक प्लास्टिकच्या पाट्याच्या चार कोपऱ्यांत चार चित्रं लावून पाटा दोघांच्या मध्ये धरला, तर मुलाची नजर कुठल्या कोपऱ्यात गेली ते समोरच्याला दिसतं. याला बॅटरी लागत नाही आणि पावसाळ्यात लाइट गेली तरी ते चालतं. त्याच्या पुढची पायरी म्हणजे एक बटण आणि एक निरोप. आपण आवाज भरून ठेवायचा, मुलाने बटण दाबलं की तो वाजतो. त्याच्या पुढे फोन आणि टॅबलेटवरची ॲप. आणि सगळ्यात वर डोळ्यांच्या बुबुळांचा माग काढणारी यंत्रं, ज्यांची किंमत लाखांत जाते.

चित्रांतून बोलायची ही पद्धत कुठून आली तेही ऐका. चार्ल्स ब्लिस नावाचा एक ज्यू इंजिनीअर नाझींच्या छळछावण्यांतून सुटून शांघायला पोहोचला. तिथे चिनी लिपी बघून त्याला वाटलं, भाषा कोणतीही असो, चिन्हांनी माणसं एकमेकांना समजू शकतील. त्याने चिन्हांची एक पूर्ण पद्धत तयार केली आणि १९४९ मध्ये पुस्तक छापलं. देशादेशांतलं वैर कमी व्हावं ही त्याची इच्छा होती. ते काही झालं नाही. पण १९७१ मध्ये कॅनडात, टोरांटोच्या एका केंद्रातल्या शिक्षकांना ही चिन्हं सापडली आणि न बोलणारी मुलं त्यांच्या मदतीने वाक्यं करू लागली.

आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या आयडीसी स्कूल ऑफ डिझाइनमध्ये ‘जेलो’ नावाचं ॲप तयार झालं. ते मोफत आहे आणि मराठीतही आहे. त्यात चित्रांच्या बाजूला सहा भावदर्शक बटणं आहेत: आवडतं, आवडत नाही, हो, नाही, जास्त, कमी. मूल आधी चित्र निवडतं, मग बटण दाबतं आणि फोन वाक्य बोलतो. आयआयटीतल्या डिझायनरांनी ‘नाही’ला पहिल्या पानावर जागा दिली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. चेन्नईत तयार झालेलं ‘आवाज’ हे दुसरं भारतीय ॲप. आपलं स्वतःचं काही बनवायचं असेल तर स्पेनमधल्या अरागॉन प्रांताच्या सरकारने ‘आरासाक’ नावाचा हजारो चित्रांचा संग्रह खुला ठेवला आहे. व्यापार करायचा नसेल तर ती चित्रं कुणीही वापरावीत.

इथे कोडिंग करणारे हात वर करा. बरेच आहेत. तुमच्यासाठी मराठीची एक गंमत सांगतो. इंग्रजीत ‘आय वॉन्ट’ हे एक बटण केलं की काम झालं, पुढे वस्तूचं नाव जोडायचं. मराठीत पाणी हवं, चहा हवा, भाकरी हवी. वस्तू बदलली की क्रियापद बदलतं. शिवाय मुलगा ‘मी जातो’ म्हणतो, मुलगी ‘मी जाते’ म्हणते. इंग्रजीवरून भाषांतर केलेलं ॲप मग मुलीच्या तोंडी ‘मी जातो’ घालतं. यावर व्याकरणाचा मोठा प्रोग्राम लिहिता येईल, पण भाषेनेच सोपी वाट ठेवली आहे. ‘पाहिजे’ घ्या: पाणी पाहिजे, चहा पाहिजे, भाकरी पाहिजे. काही बदलत नाही. ‘जायचंय’ घ्या, ते मुलाला आणि मुलीला सारखंच. आणि ‘नको’ तर एकच, पाणी नको, चहा नको, भाकरी नको. भाचीच्या बोर्डवर आम्ही हेच शब्द घेतले.

आता आपल्या घरांचा प्रश्न. भाची शाळेत मराठी ऐकते आणि घरी आपली दखनी. घरी ‘पाणी पाहिजे’ कोण म्हणतं? ‘पानी होना’ म्हणतात. आणि ‘नको’ला ‘नक्को’. आपण हा शब्द मराठीतूनच उचलला आणि एक ‘क’ जास्त लावून पक्का केला. बाजीला एका ठिकाणी सल्ला मिळाला होता की पोरीशी एकाच भाषेत बोला, नाहीतर ती गोंधळेल. पण मग ती नानीशी कोणत्या भाषेत बोलणार? आम्ही बोर्डची दोन पानं केली, एक शाळेचं, एक घरचं. घरच्या पानावर अम्मी, अब्बू, नानी, मामू, सेवई, ईद, मेहंदी. तयार ॲपमध्ये अशी चित्रं सापडली नाहीत, म्हणून आम्ही आमचेच फोटो लावले. आवाजही यंत्राचा ठेवला नाही. तिच्याच वयाच्या चुलत बहिणीने रेकॉर्डिंग करून दिलं, कारण नऊ वर्षांच्या मुलीच्या तोंडून रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेचा आवाज आला तर कसं वाटेल? आज घरच्या पानावर सगळ्यात झिजलेलं चित्र ‘नक्को’चं आहे. दुसरा नंबर मेहंदीचा.

पालकांची एक भीती तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल: ‘यंत्राची सवय लागली तर पोरगी बोलायचं सोडून देईल.’ यावर झालेल्या अभ्यासांचा आढावा २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. नीट नियंत्रण ठेवून केलेल्या अभ्यासांत २७ जण होते. त्यांतल्या एकाचंही बोलणं कमी झालं नाही. ८९ टक्के जणांचं बोलणं वाढलं, बहुतेकांचं थोडंच वाढलं. म्हणजे हे जादूचं औषध नाही, पण नुकसानही नाही. दुसरा एक इशारा मात्र द्यायला हवा. कुणी मुलाचा हात धरून त्याच्याकडून टाइप करवून घेत असेल आणि ‘बघा, मूल किती लिहितं’ म्हणत असेल, तर सावध व्हा. ही पद्धत १९९० च्या दशकात तपासली गेली. लिहिणारा हात मदतनिसाचाच असतो, त्याच्या नकळत, हे त्यात दिसून आलं. बटण मुलाने स्वतः दाबलं पाहिजे, भले एका शब्दाला दोन मिनिटं लागोत. आपण थांबायला शिकायचं.

आता खेळण्यांकडे येतो. तुम्ही म्हणाल, बोलण्याचा विषय चालू असताना खेळणी कुठून आली? जे मूल हाताने काही धरू शकत नाही, ढकलू शकत नाही, त्याच्या जगात त्याच्यामुळे काहीच घडत नाही. आपलं मूल आठव्या महिन्यात चमचा खाली टाकतं, आवाज होतो, आई उचलून देते, ते पुन्हा टाकतं. ‘मी केलं की काहीतरी होतं’ हा धडा ते अशा शंभर चमच्यांतून शिकतं. हा धडाच मिळाला नाही तर पुढे बोलायची इच्छाही होत नाही. बोलणं म्हणजे तरी काय, मी काही केलं आणि समोर काही घडलं.

म्हणून खेळणं बदलायचं. बाजारात भुंकणारा कुत्रा मिळतो, दोन सेलवर चालतो, पोटाखाली बारीक बटण असतं. ते बटण भाचीला सरकवता येत नाही. उपाय असा. पुठ्ठ्याचा लहान तुकडा घ्या, दोन्ही बाजूंना तांब्याची पट्टी चिकटवा, दोन्ही पट्ट्या एकमेकींना लागू देऊ नका. प्रत्येक पट्टीला एक वायर सोल्डर करा. हा तुकडा सेल आणि पत्र्याच्या मध्ये सरकवा आणि कुत्र्याचं मूळ बटण चालूच ठेवा. सर्किट तुटलं, कुत्रा गप्प. आता दोन्ही वायरी एका मोठ्या बटणापर्यंत न्या. बटण दाबलं की सर्किट पूर्ण, कुत्रा भुंकतो. खेळण्याचं काहीही फोडलं नाही, तुकडा काढला की ते पहिल्यासारखं. ज्या खेळण्यांत हात लावायचं इलेक्ट्रॉनिक बटण असतं, तिथे मात्र खेळणं उघडून त्या बटणाच्याच दोन टोकांना वायरी जोडाव्या लागतात.

आमचं मोठं बटण अब्बूंनी बनवलं. बिघडलेल्या कॉम्प्युटर माउसमधलं टिक्‌ वाजणारं बटण काढलं आणि श्रीखंडाच्या डब्याच्या झाकणाखाली बसवलं. झाकणावर कुठेही हात पडला तरी ते दाबलं जातं. सगळं सामान शंभर-दीडशे रुपयांत बसलं. डबा घसरू नये म्हणून खाली रबरी जाळी. डबा कुठे ठेवायचा, हाताशी, कोपराशी की डोक्याच्या बाजूला, हे थेरपिस्टला विचारून ठरवलं, कारण चुकीच्या जागेमुळे अंग आखडतं.

दोन नियम पाळा. एक, वायरीच्या टोकाला हेडफोनला असते तशी साडेतीन मिलीमीटरची मोनो पिन लावा. जगभर अशी बटणं याच पिनवर चालतात. म्हणजे कुत्र्याचं बटण उद्या पंख्याच्या खेळण्याला, परवा टॅबलेटच्या जोडणीला लागतं. दोन, सुरक्षा. नाण्यासारखे चपटे सेल असलेलं खेळणं घेऊच नका, मुलाने तो गिळला तर जिवावर बेततं. घरच्या विजेच्या प्लगवर चालणाऱ्या कुठल्याही वस्तूला हात लावू नका. फक्त साधे पेन्सिल सेल.

कुत्र्यापासून वाक्यापर्यंतचा रस्ता सरळ आहे. अँड्रॉइड फोनमध्ये ‘स्विच ॲक्सेस’ नावाची सोय आहे, आयफोनमध्येही तशीच आहे. स्क्रीनवरच्या चौकटी एकामागून एक उजळत जातात, हवी ती उजळली की बटण दाबायचं. स्टीफन हॉकिंग शेवटच्या वर्षांत गालाच्या एका स्नायूने हेच करत होते. इंटेलने त्यांच्यासाठी लिहिलेलं सॉफ्टवेअर २०१५ मध्ये सगळ्यांना खुलं केलं. भौतिकशास्त्रज्ञाचा गाल आणि आमच्या पोरीचा श्रीखंडाचा डबा यांच्यामागचं तत्त्व एकच आहे.

आता मावळची गोष्ट. लोणावळा ते पुणे लोकलने ६४ किलोमीटर. शहरातल्या माणसाला हे अंतर काहीच नाही. पण पवना धरणाच्या मागच्या गावातून आईने दहा वर्षांचं मूल कडेवर घ्यायचं, जीप पकडायची, कामशेतला यायचं, लोकलचा जिना चढायचा, पुण्यात अर्ध्या तासाची थेरपी घ्यायची आणि परत. एक दिवसाची मजुरी बुडते. पावसाळ्यात तर हे चार महिने बंदच पडतं. यातून एखादं उपकरण मिळालंच, तर त्याची वायर तुटते आणि ते कपाटावर जाऊन बसतं. मी तीन घरांत अशी उपकरणं पाहिली. एकात फक्त चार्जिंगची पिन सैल झाली होती. मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवर दहा मिनिटांचं काम.

आपण कोण आहोत बघा. आपल्या मोहल्ल्यांत मोबाइल दुरुस्ती आहे, गॅरेज आहे, वेल्डिंग आहे, शिलाई आहे, सुतारकाम आहे. आपण ही कामं कमी शिकल्याची खूण म्हणून सांगतो, तोंड लहान करून सांगतो. पण या मुलांना लागतं ते हेच. खुर्चीला टॅबलेट धरून ठेवणारा दांडा वेल्डर बनवेल. मान सावरणारी गादी शिलाईवाली खाला शिवेल. थेरपिस्ट पुण्यात असू देत, दुरुस्ती मात्र गल्लीत व्हायला पाहिजे.

हे करताना हक्कही माहीत असू द्या. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे, त्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं आहेत. संवादाच्या व्याख्येतच बोलण्याला पूरक आणि पर्यायी साधनं धरली आहेत. कलम १७ प्रमाणे ठरावीक प्रमाणात दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्याला अठरा वर्षांपर्यंत पुस्तकं आणि योग्य सहायक साधनं मोफत द्यायची आहेत. पहिली पायरी म्हणजे यूडीआयडी कार्ड, अर्ज ऑनलाइन होतो. नॅशनल ट्रस्टच्या ‘निरामय’ योजनेत ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांना एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे आणि त्यात थेरपीचाही खर्च धरतात. शाळेसाठी पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रात विशेष शिक्षकांची चौकशी करा. बोलण्याच्या तपासणीसाठी वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. अली यावर जंग हे १९७१ ते १९७६ आपल्या राज्याचे राज्यपाल होते, त्याआधी उस्मानिया आणि अलीगढचे कुलगुरू. त्यांच्या नावाची संस्था आपल्या मुलांना माहीत नसावी, हे बरं नाही.

शेवटी कायद्याच्या आणि सोल्डरिंगच्या बाहेरची गोष्ट. बरीच मुलं आपल्याला दिसतच नाहीत, कारण ती मागच्या खोलीत असतात. मोठ्या बहिणीचा रिश्ता यायचा असतो, पाहुणे आले की दार ओढून घेतात. कुणी नजर लागली म्हणतं, कुणी गुन्ह्याची सजा म्हणतं, ताविजांवर पैसे जातात आणि बोलायला शिकायची वर्षं निघून जातात. दोष आईच्या माथी येतो, औषधपाणीही तिच्याच माथी. इथे बसलेल्या भावांना, मामूंना, चाचांना माझं सांगणं आहे: खेळणं दुरुस्त करायच्या निमित्ताने त्या खोलीत जा. उपदेश करू नका. मुलाशी बोला, त्याच्या आईशी नंतर. उत्तराची वाट बघा, मनात दहा आकडे मोजा. आणि पोराने ‘नको’ म्हटलं तर ते माना. बटण दाबूनही घास तोंडात येणार असेल, तर ते यंत्र कशाला?

मागच्या टेबलावर सहा खेळणी, तांब्याची पट्टी आणि दोन सोल्डरिंग गन ठेवल्या आहेत. अब्बूही आले आहेत. ज्यांना थांबता येईल त्यांनी थांबा. पाचची लोकल गेली तर सहाची आहे. तयार झालेली सहाही खेळणी कुणाच्या घरी द्यायची ते ठरलेलं आहे, फक्त पोचवणारे हवेत.